हार्डवेअरचे दुकान आणि गिरणगावची पत

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा लेखी मसुदा)



गिरगाव, दादर, परळ, लालबाग या भागांतील जुन्या हार्डवेअरच्या दुकानांविषयी अलीकडे बऱ्याच हळहळीने बोलले जाते. ही हळहळ स्वाभाविक आहे. परंतु समाजवादी कार्यकर्त्याला तेवढ्यावर थांबून चालत नाही. एखादी संस्था नाहीशी होऊ लागते तेव्हा ती कोणाच्या उपयोगाची होती, कशाच्या आधाराने उभी होती आणि तो आधार कोणी काढून घेतला, हे तीन प्रश्न त्याने विचारावयास हवेत. बड्या भांडवलाची साखळी-दुकाने आली आणि त्यांनी छोट्या दुकानदाराला गिळून टाकले, असे एक तयार उत्तर या बाबतीत दिले जाते. इंग्लंड-अमेरिकेत ते पुष्कळ अंशी खरे आहे. मुंबईत ते खरे नाही. आणि निदान चुकले की उपायही चुकतो.

प्रथम हे दुकान म्हणजे काय होते ते पाहू. चाळीच्या तळमजल्यावरचा एक अरुंद गाळा, वर सामान ठेवण्यासाठी माळा, दर्शनी बाजूस टांगलेल्या बादल्या, घमेली आणि काथ्याच्या दोरांची वेटोळी. आत भिंतीला लाकडी खणांची रांग. त्या खणांत खिळे, चुका, स्क्रू, बिजागऱ्या, कड्या-कोयंडे, नळाचे वॉशर, स्टोव्हच्या पिना. सुताराची पटाशी, रंधा नि गिरमिट, गवंड्याची थापी आणि ओळंबा, फिटरची कानस आणि पाना, रंगाऱ्याचा ब्रश आणि सुके डिस्टेंपर, हे सगळे त्या एका गाळ्यात मिळे. वजनमापांच्या दशमान पद्धतीचा कायदा १९५६ साली झाला आणि खिळे किलोवर विकले जाऊ लागले. पण त्यांची लांबी इंचातच राहिली, आणि इंचाचा आठवा हिस्सा म्हणजे ‘सूत’ हे माप आजही मिस्त्रीच्या तोंडी आहे.

हे सामान येई ते घाऊक बाजारातून. नागदेवी स्ट्रीट आणि लोहार चाळ या भागांत हत्यारे, नळजोडण्या, विजेचे सामान यांच्या पेढ्या होत्या आणि आहेत. या व्यापारात दाऊदी बोहरा, कच्छी आणि गुजराती व्यापाऱ्यांचा भरणा मोठा. गिरणगावचे गिऱ्हाईक कोकणातले आणि घाटावरचे, दुकानदार बहुधा गुजराती वा मुस्लिम, आणि दोघांमधला व्यवहार मुंबईच्या त्या खास मिश्र हिंदी-मराठीत. उत्पादनाचे धागेही याच वस्तीतून निघालेले दिसतात. आर्देशीर गोदरेज यांनी कुलुपे बनविण्यास सुरुवात केली ती १८९७ साली, लालबागेतल्या एका शेडमध्ये. गिरणी कामगाराच्या दृष्टीने कुलूप ही चैनीची वस्तू नव्हती. एका खोलीत पंधरा-वीस माणसे पाळीपाळीने झोपत. तेथे प्रत्येकाची मालमत्ता म्हणजे एक पत्र्याची पेटी, आणि तिच्या सुरक्षिततेची एकमेव हमी म्हणजे तिचे कुलूप.

आता या दुकानाच्या अर्थकारणाकडे वळू. त्याचे तीन विशेष ध्यानात घेण्यासारखे आहेत.

पहिला विशेष असा, की हे दुकान सुटा नग विकत असे. कारखान्यातून स्क्रू ग्रोसच्या हिशेबाने येत, म्हणजे एका डब्यात एकशे चव्वेचाळीस. चाळीतल्या माणसाला दाराच्या बिजागरीसाठी तीनच स्क्रू हवे असत. ते तीन स्क्रू रद्दीच्या कागदाच्या पुडीत बांधून देणे, ही ज्याच्याजवळ रोख रक्कम थोडी आहे त्याची मोठीच सेवा होती. मोठ्या मालाचे लहान भाग करण्याचा, तो साठवून ठेवण्याचा आणि वर्षातून दोनदाच लागणारी वस्तू मागताक्षणी काढून देण्याचा खर्च दुकानदार सोशी. त्याचा नफा हा बव्हंशी या साठवणुकीचा मोबदला होता.

दुसरा विशेष ज्ञानाचा. गळका नळ घेऊन आलेल्या माणसाला काय मागावे हे पुष्कळदा ठाऊक नसते. तो झिजलेला भाग आणून गल्ल्यावर ठेवतो. काउंटरवरचा अनुभवी नोकर तो हातात फिरवून पाहतो आणि नेमका जोड काढून देतो, किंवा ‘नवा घेऊ नका, नुसता वॉशर बदला’ असे सांगतो. हा सल्ला फुकट मिळे, आणि त्यामुळे वस्तूचे आयुष्य वाढे. ग्राहकांच्या सहकारी चळवळीची मर्यादा येथे समजते. १९४८ साली नायगावात कामगारांनी उभी केलेली ग्राहक सहकारी संस्था पुढे ‘अपना बाजार’ या नावाने मुंबईभर पोचली. धान्य, तेल, साखर यांची खरेदी रोजची आणि एकजिनसी असल्यामुळे ती संघटित करता येते. हार्डवेअरची गरज अनियमित. जिनसा हजारो, आणि प्रत्येकीसोबत सल्ला हवा. असला व्यवहार संघटित करणे सहकारी भांडाराला फार अवघड जाते.

तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा विशेष पतीचा. सुतार, प्लंबर आणि रंगारी यांना काम मिळे, पण सामान घेण्यास भांडवल नसे. दुकानदार माल वहीवर देई. काम पुरे होऊन घरमालकाकडून पैसे आले की खाते मिटे. गिरणीत कायम असलेल्या कामगारालाही, पगार ठरावीक तारखेला होतो हे माहीत असल्यामुळे, उधारी मिळे. दहा बाय बाराच्या खोलीत पोटमाळा घालायचा तर लाकूड, बोल्ट, पट्ट्या लागत. खाणावळ चालविणाऱ्या बाईला स्टोव्हचे बर्नर आणि वॉशर वरचेवर लागत. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले, ते या खाणावळवाल्या बायांना सावकाराच्या पाशातून काढून बँकेच्या कर्जापर्यंत नेण्यासाठी. बँक जेथे पोचत नव्हती, तेथे वाण्याची आणि हार्डवेअरवाल्याची वही हीच कामगार वस्तीची बँक होती.

या पतीच्या मुळाशी दोन गोष्टी होत्या: गिरणीतला नियमित पगार आणि गोठविलेले भाडे. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने १९४० ची भाडी प्रमाण मानली, आणि हे संरक्षण राहत्या खोलीबरोबर दुकानाच्या गाळ्यालाही होते. भाडे कमी म्हणून दुकानदाराला मंद खपाचा माल वर्षानुवर्षे खणात ठेवणे परवडत असे. आजच्या बाजारभावाने भाडे देणारा व्यापारी जुन्या नळाचा सुटा वॉशर ठेवील, अशी अपेक्षा करणेच व्यर्थ आहे.

हे सांगताना त्या काळाला सुवर्णयुग ठरविण्याचा मोह टाळला पाहिजे. ज्या नोकराच्या ज्ञानाचा आताच उल्लेख झाला, तो बहुधा लहान वयात गावाहून आणलेला, रात्री दुकानातच झोपणारा आणि पगारवाढीसाठी मालकाच्या मर्जीवर अवलंबून असणारा माणूस होता. १९४८ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने कामाचे तास आणि साप्ताहिक सुटी ठरवून दिली. अंमलबजावणी मात्र ढिली राहिली. मिस्त्रीला माल वहीवर मिळे, पण त्यामुळे तो त्याच दुकानाशी आणि त्याच दराशी बांधला जाई; आणि गिऱ्हाइकाच्या बिलातून मिस्त्रीचा कट निघे. थोडक्यात, छोटे दुकान म्हणजे न्यायाचे राज्य नव्हते. तरीही ते ज्या वस्तीत होते त्या वस्तीच्या गरजांशी बांधलेले होते, आणि हा मुद्दा निर्णायक आहे.

आता साखळी-दुकानांचा प्रश्न. इंग्लंडमध्ये बी अँड क्यू ही कंपनी १९६९ साली निघाली; अमेरिकेत होम डेपोची पहिली दुकाने १९७९ साली अटलांटात उघडली. स्वतःच्या घराची दुरुस्ती स्वतःच करण्याची रीत तेथे पसरली याची कारणे आर्थिक आहेत. कुशल कारागिराची मजुरी जास्त, मध्यमवर्गाचे स्वतःच्या मालकीचे घर, आणि सामान वाहून नेण्यास दाराशी मोटार. ही कारणे जेथे नाहीत तेथे हा धंदा रुजत नाही. होम डेपो २००६ साली चीनमध्ये गेली आणि २०१२ साली तिने तेथील आपली सारी मोठी दुकाने बंद केली. भारतात आयकियाचे पहिले दुकान २०१८ साली हैदराबादेत आणि त्यानंतर २०२० साली नवी मुंबईत तुर्भ्याला उघडले. पण तेथला मुख्य माल फर्निचर. मुंबईत आजही खिळा ठोकतो तो बहुधा मिस्त्रीच, आणि तो सामान घेतो गल्लीतल्या नाहीतर घाऊक बाजारातल्या दुकानातून. म्हणजे प्रतिस्पर्ध्याने हरविल्यामुळे गिरणगावचे दुकान बसले, असे म्हणता येत नाही.

मग ते बसले कशामुळे? त्याचे गिऱ्हाईक उठविले गेले. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते, आणि तो औपचारिकपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. वहीवरची पत ज्या पगारावर उभी होती तो पगार थांबला. पुष्कळ कामगार गावी परतले, पुष्कळांनी भांडीकुंडी आणि शेवटी खोल्या विकल्या. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनीचा एकेक तृतीयांश भाग सार्वजनिक मोकळी जागा आणि सार्वजनिक गृहबांधणी यांसाठी द्यावा, असे ठरविले होते. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ मोकळ्या जमिनीपुरती आखडली, आणि मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती ग्राह्य धरली. लोअर परळला फिनिक्स मिलच्या आवारात मॉल उभा राहिला. चिमण्यांच्या जागी मनोरे आले. मनोऱ्याचा बिल्डर सामान थेट कंपन्यांकडून घाऊक घेतो. आणि रहिवाशांच्या दुरुस्त्या देखभालीचे कंत्राट घेतलेली एजन्सी करते. तळाशी हार्डवेअरचे दुकान असले तरी त्याच्याकडे येणार कोण?

गिरगावात हीच प्रक्रिया वेगळ्या वाटेने आली. उपकरप्राप्त जुन्या इमारती पुनर्विकासात गेल्या, आणि मेट्रो तीनच्या भुयारी स्थानकांसाठी गिरगाव-काळबादेवीतील काही इमारती पाडाव्या लागल्या. सार्वजनिक वाहतूक हवीच. तिला विरोध करण्याचे कारण नाही. तथापि पुनर्वसनाचा हिशेब मांडताना राहत्या घराचा विचार जितका होतो तितका तळमजल्यावरच्या गाळ्याचा होत नाही. पुनर्विकासाच्या नियमांनी निवासी भाडेकरूला किमान तीनशे चौरस फुटांची हमी दिली; गाळेधारकाला मात्र जेवढे क्षेत्र आहे तेवढेच. माळा हिशेबात धरायचा की नाही यावर वाद होतो. रस्त्याला लागून असलेला गाळा मागच्या बाजूस गेला तर क्षेत्र तेवढेच राहूनही धंदा मरतो. आणि इमारत बांधून होईपर्यंतच्या वर्षांत गिऱ्हाईक पांगते, ते परत येत नाही.

यातून कार्यकर्त्यांपुढे तीन कामे येतात.

पहिले काम पुनर्विकासाच्या करारांतले. चाळीची सभा होते तेव्हा कराराचा मसुदा बहुधा खोल्यांपुरताच वाचला जातो. रस्त्याची दर्शनी बाजू, त्याच वस्तीतली संक्रमणकालीन जागा आणि बुडालेल्या धंद्याची भरपाई या तीन गोष्टी गाळेधारकांसाठी लेखी मागितल्या पाहिजेत. रहिवासी आणि गाळेधारक यांना एकमेकांविरुद्ध उभे करणे बिल्डरला सोयीचे असते, हेही त्या सभेत स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

दुसरे काम दुकानातल्या नोकराचे. २०१७ च्या नव्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्याने दहांहून कमी कामगार असलेल्या दुकानांना बहुतेक तरतुदींतून सोडून दिले. म्हणजे हार्डवेअरच्या दुकानातला नोकर १९४८ च्या कायद्याने जे संरक्षण मिळाले होते त्याच्या बाहेर गेला. छोट्या दुकानदाराच्या बाजूने उभे राहायचे आणि त्याच्या नोकराविषयी मौन पाळायचे, हे समाजवादी पक्षाला शोभणारे नाही. दुकानदाराचा गाळा आणि नोकराची साप्ताहिक सुटी या दोन्ही मागण्या एकाच पत्रकात आल्या पाहिजेत. त्याने काही दुकानदार दुरावले तरी चालेल.

तिसरे काम दुरुस्तीचे. केंद्र सरकारने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यासाठी समिती नेमली. हा प्रश्न मोबाइल आणि मोटारगाड्यांपुरता मर्यादित नाही. सुटा भाग मिळत नाही म्हणून अख्खा नळ, अख्खे कुलूप, अख्खा पंखा फेकून द्यावा लागतो तेव्हा कामगाराच्या पगारातून एक अदृश्य कर वसूल होत असतो. कंपन्यांनी सुटे भाग ठरावीक वर्षे बाजारात ठेवावेत, ही मागणी गृहिणीच्या आणि मिस्त्रीच्याही हिताची आहे.

लालबाग-परळमध्ये अशी काही दुकाने अजून चालू आहेत. गणेशोत्सव जवळ आला की मंडपाचे खिळे, सुतळी आणि दोर यांसाठी त्यांच्यापुढे गर्दी होते. त्यांना स्मारक म्हणून जपण्याची आवश्यकता नाही. ज्या वस्तीला दुरुस्ती लागते, जिच्याजवळ रोख कमी आहे आणि जी एकमेकांना ओळखते, ती वस्ती जागेवर राहिली तर दुकान आपोआप राहील. म्हणून पुढच्या वेळी एखाद्या चाळीत सभेला गेल्यावर कार्यकर्त्यांनी खोल्यांची यादी करावी, आणि जिना उतरल्यावर तळमजल्यावरचे गाळे व त्यांत काम करणारी माणसे हीदेखील त्याच वहीत मांडावीत.