अग्नीला न जुमानणारे तंतू
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या व्याख्यानमालेत नाटक, संतवाङ्मय आणि इतिहास यांना मान मिळणे स्वाभाविकच आहे. त्यांच्या पंक्तीला एका रूक्ष शास्त्रीय विषयाचेही पान मांडण्याचे औदार्य कार्यकारिणीने दाखविले, याबद्दल आम्ही तिचे ऋणी आहोत. विषय आहे प्रखर उष्णता सोसणाऱ्या सिरॅमिक तंतूंचा आणि त्यांनी बळकट केलेल्या संमिश्र पदार्थांचा.

कल्पना मुळात जुनी आहे. आपल्याकडे खेड्यांत भिंतीच्या चिखलात भाताचा पेंढा तोडून कालवीत. सुकलेल्या मातीला तडा चटकन जातो. काडी त्या तड्याच्या दोन्ही कडा धरून ठेवते. काडी हा तंतू, माती हे आधारद्रव्य, आणि दोहोंचा मिळून होतो संमिश्र पदार्थ. परंतु काडी जळते. जेथे हजार अंशांवर काम चालते, तेथे कोणता तंतू टिकावा?

असे स्थान म्हणजे विमानाच्या जेट इंजिनातील टर्बाइन. तेथे येणाऱ्या वायूचे तपमान तेथील निकेलच्या मिश्रधातूच्या वितळणबिंदूहूनही अधिक असते. धातूचे भाग टिकतात ते त्यांच्या पोटातील सूक्ष्म छिद्रांतून सतत थंड हवा खेळवल्यामुळे. ही हवा इंजिनाच्याच दाबयंत्रातून काढून घ्यावी लागते आणि तिची किंमत इंधनाच्या रूपाने मोजावी लागते. अधिक उष्णता सोसणारा पदार्थ हाती आला, तर ही उधळपट्टी कमी होईल हे अभियंत्यांना फार पूर्वीपासून ठाऊक होते. सिलिकॉन कार्बाइडसारखे सिरॅमिक पदार्थ उष्णतेला भीत नाहीत. वजनाने ते निकेलच्या मिश्रधातूंच्या सुमारे एकतृतीयांश भरतात. त्यांचा दोष एकच, ठिसूळपणा. चिनी मातीची बशी आणि पितळेची वाटी हातातून निसटल्यावर काय होते, हे घरोघरी ठाऊक आहे. आकाशात इंजिनाचा भाग बशीसारखा फुटून चालत नाही.

तोडगा तंतूत सापडला. ठिसूळ वस्तू तुटते ती तिच्यातील एखाद्या सूक्ष्म दोषापासून. १९२० च्या सुमारास ग्रिफिथ या इंग्रज शास्त्रज्ञाने काचेचे धागे ओढून दाखवून दिले की, धागा जितका बारीक, तितका त्याच्या आकारमानाच्या मानाने तो बळकट. कारण मोठ्या दोषाला त्यात जागाच उरत नाही. परंतु काच मऊ होऊन तिचा धागा ओढता येतो. सिलिकॉन कार्बाइड तसे वितळतच नाही. मग त्याचा धागा काढावा कसा?

जपानमधील तोहोकू विद्यापीठाचे प्राध्यापक सेइशी याजिमा यांनी १९७५ साली या प्रश्नाचे उत्तर प्रसिद्ध केले. त्यांनी प्रथम सिलिकॉन आणि कार्बन यांच्या लांब साखळ्यांचे, वितळू शकणारे राळेसारखे द्रव्य तयार केले. सोऱ्यातून शेव पाडावी, तसे त्याचे धागे पाडले. हे धागे हवेत बेताने तापवले, म्हणजे पुढच्या आचेत ते पुन्हा वितळू नयेत. शेवटी हवेचा स्पर्श न होऊ देता त्यांना बाराशे अंशांच्या वर भाजले. उरला तो सिलिकॉन कार्बाइडचा तंतू, मानवी केसाच्या सुमारे पाचव्या हिश्शाएवढा जाड. निप्पॉन कार्बन या कंपनीने तो 'निकॅलॉन' या नावाने बाजारात आणला. पहिल्या तंतूत हवेत तापवताना प्राणवायू शिरलेला असे आणि अति उष्णतेत तोच त्याचा घात करी. पुढे हवेऐवजी इलेक्ट्रॉनांच्या झोताने धागे पक्के करण्याची रीत निघाली आणि तो दोष पुष्कळसा दूर झाला.

येथे एक खुलासा करणे अवश्य आहे. कारखान्यांत काम करणाऱ्या आपल्या बांधवांना 'सिरॅमिक फायबर' म्हटले की, भट्टीच्या अस्तराची पांढरी लोकर आठवेल. ती उष्णता अडवण्यासाठी असते. तिचे धागे तुटक आणि पुष्कळदा श्वासाबरोबर फुप्फुसांत जाण्याइतके बारीक असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ती कर्करोगाचे संभाव्य कारण मानली आहे. जुने अस्तर काढताना योग्य मुखवटा लावण्यात हयगय करू नये, एवढी आमची कळकळीची विनंती आहे.

आता या विषयाचे मर्म. तंतू आधारद्रव्याला जितका घट्ट चिकटेल तितका पदार्थ मजबूत होईल, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात उलट घडते. बंध अतिघट्ट असला, तर आधारद्रव्यातील तडा तंतूही कापून आरपार जातो आणि सारा पदार्थ बशीसारखा फुटतो. म्हणून प्रत्येक तंतूवर बोरॉन नायट्राइडचा अतिशय पातळ थर चढवतात. तडा तेथवर आला की वळतो आणि तंतूच्या कडेने धावू लागतो. तंतू थोडा सरकतो, पण भार सोडत नाही. त्या सरकण्यातच तड्याची शक्ती खर्च होते. तडा मुळीच पडू नये असा हट्ट येथे नाही. पडलेल्या तड्याने सर्वनाश होऊ नये, एवढी तजवीज आहे.

ज्वलनातून निघणारी वाफ हा आणखी एक शत्रू. ती सिलिकाची संरक्षक साय हळूहळू उडवून नेते. म्हणून वरून वेगळा लेप द्यावा लागतो. ही सर्व सिद्धता होऊन २०१६ साली 'लीप' या इंजिनाच्या टर्बाइनमधील स्थिर कड्यांच्या रूपाने हा पदार्थ प्रवासी विमानात गेला. आज एअर इंडिया, इंडिगो आणि अकासा यांच्या कित्येक विमानांना हे इंजिन आहे. सुटीत आपण मुंबई-पुण्याकडे जातो, तेव्हा हे तंतू कदाचित आपल्याच पंखाखाली तापत असतील.

१९७५ ते २०१६ म्हणजे एकेचाळीस वर्षे झाली. या तंतूचे मोठे उत्पादन जगात मोजक्याच ठिकाणी होते, त्यांत जपान आणि अमेरिकेतील हंट्सव्हिल ही प्रमुख. असे तंतू निर्यात-नियंत्रणाच्या कक्षेत येतात. पैसे टाकले की ते मिळतातच असे नाही. ज्याला हवे, त्याला ते स्वतः करायला शिकावे लागते. आपल्याकडेही या दिशेने पावले पडत आहेत. इस्रोने २०२४ मध्ये पीएसएलव्हीच्या चौथ्या टप्प्यासाठी कार्बन तंतूंच्या संमिश्र पदार्थाचे, सिलिकॉन कार्बाइडचा लेप दिलेले नोझल तयार केल्याचे जाहीर केले. त्यामुळे यानाची वाहनक्षमता पंधरा किलोपर्यंत वाढते.

या सभागृहात आज विज्ञान शाखेची पुष्कळ मुले बसली आहेत. पदार्थविज्ञानाची वाट लांबची आहे. तीवर चटकन नाव होत नाही. परंतु चाळीस वर्षे एका धाग्याचा पिच्छा पुरवणारी माणसे या देशालाही हवी आहेत. आपल्या घरातील एखाद्या मुलाला किंवा मुलीला ही वाट धरावीशी वाटली, तर पालकांनी तिला आडकाठी करू नये. पन्नास वर्षे चिकाटीने हे मंडळ चालवणाऱ्यांना धीराचे मोल वेगळे सांगायला नको.