मुलांच्या जबड्यांची वाढ आणि वेळेवर निदान
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



दातांच्या वैद्याला संमेलनात बोलावले की तो फराळाच्या लाडवांवर टीका करणार, अशी धास्ती सर्वांस वाटते. लाडवांना आज आम्ही अभय देतो. आमचा विषय दात ज्या पायावर उभे राहतात त्या जबड्यांचा आहे.

मूल म्हणजे लहान मापाचा मोठा माणूस नव्हे. तान्ह्या बाळाचे कपाळ केवढे थोरले आणि हनुवटी केवढी चिमुकली असते, हे प्रत्येक मातेने पाहिले आहे. कवटी सहा-सात वर्षांच्या सुमारास जवळजवळ पूर्ण आकारास पोचते. जबडे मात्र मागाहून वाढतात. त्यांतही वरच्या जबड्याची वाढ आधी आटोपते, खालच्याची शेवटपर्यंत चालू राहते. ही वाढ वयात येताना जोर धरते, आणि मुलींत ती मुलांच्या सुमारे दोन वर्षे आधी येते.

म्हणूनच निदान केवळ दात पाहून होत नाही. अमेरिकेतील डॉ. एडवर्ड अँगल यांनी १८९९ साली पहिल्या कायमच्या दाढा एकमेकींवर कशा बसतात हे पाहून दंतदोषांचे तीन वर्ग पाडले. पुढे १९३१ साली अमेरिकेत ब्रॉडबेंट व जर्मनीत होफ्राट यांनी डोके ठरावीक स्थितीत स्थिर धरून क्ष-किरणचित्र घेण्याची पद्धत मांडली. त्यामुळे दोष दातांत आहे की जबड्यात, वरच्या की खालच्या, हे मापून सांगता येऊ लागले.

येथे आमची एक चूक कबूल करणे आम्ही कर्तव्य समजतो. व्यवसायाच्या आरंभी एक नऊ वर्षांची मुलगी आमच्याकडे आली होती. वरचे दात पुढे, हनुवटी मागे. 'सगळे दात येऊ द्या, मग पाहू,' असे आम्ही सांगितले. आईबापांनी विश्वासाने वाट पाहिली. पंधराव्या वर्षी ती परत आली तेव्हा वाढीचा भर ओसरला होता. दोन निरोगी उपदाढा काढून दात मागे घ्यावे लागले. हनुवटी मात्र होती तेथेच राहिली. वाढीच्या भरात उपचार केले असते, तर कदाचित त्या दाढा वाचल्या असत्या. त्या मुलीने आम्हांस कधी दोष दिला नाही; परंतु 'मग पाहू' हे शब्द तेव्हापासून आम्ही टाकले आहेत.

आपल्याकडे मुलीच्या दातांची चिंता लग्न ठरवण्याच्या वेळी सुरू होते, मुलाच्या दातांची तर होतही नाही. आमची विनंती एवढीच की, सातव्या वर्षी प्रत्येक मुलाचे तोंड एकदा तज्ज्ञास दाखवावे. सहाव्या वर्षी दुधाच्या दाढांमागे येणारी दाढ कायमची असते. ती दुधाची समजून किडू देऊ नये. वरच्या पुढच्या दातांमधील फट पाहून घाबरू नये. सुळे आल्यावर ती पुष्कळदा मिटते. परंतु खालचे दात वरच्यांच्या पुढे येत असतील, मूल तोंडाने श्वास घेत असेल, किंवा कायमचे दात येऊ लागल्यावरही अंगठा चोखत असेल, तर विलंब करू नये.

तपासणीअंती पुष्कळांना 'आता काही करावयाचे नाही' असेच उत्तर मिळेल. तेही निदानच आहे. मात्र ते पाहून दिलेले असावे, न पाहता नव्हे.