तिन्हीसांजेची मालिका

(मंडळाच्या गेल्या गणेशोत्सवात पाचव्या दिवशी 'शनिवारच्या गटा'तर्फे झालेल्या भाषणाचा मजकूर)

अध्यक्षमहोदय, काका-काकू, वहिनी, आणि खुर्च्या कमी पडल्यामुळे मागे उभी असलेली मुलं,

या दिवशी आपल्याकडे व्याख्यान असतं ते एखाद्या संतावर, नाहीतर अहिल्याबाईंवर. यंदा आम्ही सात जण एका जुन्या अमेरिकन टीव्ही मालिकेवर बोलणार म्हटल्यावर कार्यकारिणीत थोडी कुजबुज झाली, हे आमच्या कानावर आलं आहे. तरी परवानगी दिलीत, याबद्दल आभार.

मालिकेचं नाव 'द ट्वायलाइट झोन'. आमच्यातल्या एकांच्या लेकीने न्यू जर्सीहून डीव्हीडींचा संच आणला आणि पावसाळाभर दर शनिवारी संध्याकाळी आम्ही तो पाहत गेलो. आमच्यात सगळ्यात लहान ५२ वर्षांचे, सगळ्यात ज्येष्ठ आजी ८८ वर्षांच्या. भरभर बोललेलं इंग्रजी सगळ्यांनाच कळत नाही. म्हणून एकाने रिमोट धरायचा, मध्ये थांबवायचं, मराठीत सांगायचं. २५ मिनिटांचा भाग त्यामुळे तासभर चाले, आणि चहा झाला की दीड तास.

पहिल्याच दिवशी अडलं ते नावाशी. संधिप्रकाश म्हणावं की धूसर प्रदेश? आजी म्हणाल्या, "अरे, तिन्हीसांजा म्हणा की." आणि आम्हाला लहानपणीचं सगळं आठवलं. तिन्हीसांजेला उंबरठ्यावर बसू नको, झोपू नको, केर काढू नको. दिवस नाही, रात्र नाही. आत नाही, बाहेर नाही. हिरण्यकशिपूला नरसिंहाने गाठलं तेही याच वेळी आणि उंबरठ्यावरच. एवढं सांगितल्यावर मालिका कशाबद्दल आहे हे आम्हाला वेगळं समजावून घ्यावं लागलं नाही.

पहिला भाग दाखवला गेला २ ऑक्टोबर १९५९ रोजी, सीबीएस वाहिनीवर. आपल्याकडे दिल्लीत टीव्हीचं प्रायोगिक प्रसारण सुरू झालं ते १५ सप्टेंबर १९५९ रोजी, म्हणजे जेमतेम दोन आठवडे आधी. तेव्हा ही मालिका त्या काळी पाहिल्याचं कुणी सांगू लागलं, तर विश्वास ठेवू नका. जून १९६४ पर्यंत १५६ भाग झाले. प्रत्येक भागात नवी गोष्ट, नवी माणसं. कुणाची सून, कुणाचा कट, मागच्या आठवड्यात काय झालं, काही लक्षात ठेवायला नको. यांपैकी ९२ भाग एकट्या रॉड सर्लिंग यांनी लिहिले. पडद्यावर येऊन प्रस्तावना करणारे सुटाबुटातले गृहस्थ तेच.

या सर्लिंगना अवकाशयानांचं वेड होतं म्हणून ते या वाटेला गेले, असं आम्हाला वाटलं होतं. तसं नाही. दुसऱ्या महायुद्धात छत्रीधारी सैनिक म्हणून ते फिलिपिन्समध्ये लढले आणि जखमी झाले. परत आल्यावर टीव्हीसाठी गंभीर नाटकं लिहून त्यांनी नाव कमावलं. १९५५ मध्ये मिसिसिपीत एमेट टिल या १४ वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाचा खून झाला. आरोपी गोरे, ज्यूरीतले बाराही गोरे, आणि आरोपी सुटले. सर्लिंगना त्यावर लिहायचं होतं. पण तिथे टीव्हीच्या कार्यक्रमाचा खर्च जाहिरातदार कंपनी उचलायची, आणि दक्षिणेतली गिऱ्हाईकं दुखावलेली तिला परवडणारी नव्हती. म्हणून मारला जाणारा मुलगा बदलला. गाव उचलून थेट उत्तरेत न्यू इंग्लंडमध्ये नेलं. शेवटी, कोकाकोलाची बाटली दिसली तर लोकांना दक्षिण आठवेल म्हणून तीसुद्धा काढली! नाटक १९५६ मध्ये दाखवलं गेलं, पण त्यात मूळचं फारसं काही उरलं नव्हतं.

त्यानंतर तीनच वर्षांत त्यांनी ही मालिका आणली. सुरुवातीलाच एका मुलाखतीत त्यांना विचारलं गेलं, तेव्हा आता आपण वादग्रस्त विषयांच्या भानगडीत पडणार नाही, असं त्यांनी सांगून टाकलं. ते वाचून आम्हाला हसूच आलं. कारण माणसांच्या तोंडी घालू दिलं नाही ते त्यांनी परग्रहावरच्या लोकांच्या तोंडी घातलं, आणि जाहिरातदारांनी ते मुकाट्याने चालवून घेतलं.

इथपर्यंतचं सगळं पुस्तकी आहे. पुढचं सांगताना आम्हाला थोडं जड जातं.

चौथ्या की पाचव्या शनिवारी आम्ही १९६० मधला 'मेपल स्ट्रीट'वरचा भाग लावला. उन्हाळ्यातली संध्याकाळ, एक साधा रस्ता. कुणी गाडी धुतंय, कुणी गवत कापतंय. आकाशात काहीतरी चमकून जातं आणि वीज बंद, टेलिफोन बंद, गाड्या बंद. एक पोरगा गोष्टीच्या पुस्तकात वाचलेलं सांगतो, की परग्रहवासी हल्ल्याआधी माणसांसारखं दिसणारं एक कुटुंब पुढे पाठवतात. झालं! तेवढ्यात एका शेजाऱ्याची गाडी आपोआप सुरू होते. मग कुणाला आठवतं की हा रात्री बाहेर उभा राहून आकाशाकडे बघत असतो. बिचाऱ्याला झोप येत नसते, एवढंच. अंधारातून एक आकृती येताना दिसते, गोळी सुटते. मेलेला निघतो तो पलीकडच्या रस्त्यावर दिवे आहेत का बघायला गेलेला त्यांचाच माणूस. मग ज्याने गोळी झाडली त्याच्याच घरात दिवे लागतात आणि सगळे त्याच्यावर उलटतात. दूर टेकडीवर दोन परग्रहवासी उभे असतात. त्यांनी केलेलं असतं इतकंच, की दोनचार यंत्रं बंद करायची आणि वाट बघायची.

पहिली दहा मिनिटं आम्ही हसत होतो. वेंधळी माणसं, म्हणत होतो. 'हा रात्री आकाशाकडे बघतो' हे आलं आणि रिमोट धरलेल्यांनी मराठी सांगणं थांबवलं. कुणी सांगा असंही म्हटलं नाही.

२०२० चा मे महिना आठवा. इंदूरची अवस्था काय होती, ते तुम्हाला सांगायला नको. आमच्या इमारतीतलं एक कुटुंब मुंबईत अडकलं होतं. ते परवानगी काढून, तपासणी करून, गाडीने घरी परत आलं. आम्ही त्यांना फाटकातून आत घेतलं नाही. कागद तयार केला, त्यावर सह्या केल्या. आज इथे उभे असलेल्यांपैकी चौघांच्या सह्या त्यावर आहेत. पुढे पोलीस आले, तेव्हा ती माणसं स्वतःच्या घरात गेली. नंतर कितीतरी दिवस, ते रात्री गच्चीत फिरतात, मुद्दाम कठड्याला हात लावतात, असं आमच्यात बोललं जात होतं. गच्चीत कोण फिरत होतं, ते कुणीच पाहिलेलं नव्हतं.

भाग संपल्यावर आमच्यातले एक म्हणाले, "चारएक तास थांबवलं असेल आपण त्यांना."

दुसऱ्या दिवशी आमच्यातले दोघे त्यांच्याकडे गेलो. वहिनींनी चहा केला. आम्ही म्हटलं, "वहिनी, तेव्हा आमचं चुकलं. चार तास तुम्हाला उन्हात…"

त्या म्हणाल्या, "साडेपाच. बाळ गाडीत होतं." आणि साखर किती, असं विचारलं.

हे त्यांना विचारूनच इथे सांगतो आहोत. 'करोनाकाळातील आमची वागणूक' असा माहितीपट कुणी लावला असता, तर आम्ही पाचव्या मिनिटाला उठून गेलो असतो. परग्रहवाल्यांची गोष्ट म्हणून शेवटपर्यंत बसलो. सर्लिंगनी ही युक्ती जाहिरातदारांसाठी शोधली असेल, पण ती आमच्यासारख्या प्रेक्षकांवरही चालते. साठ वर्षांनंतरही, आणि मध्ये थांबवून थांबवून मराठीत सांगितली तरीसुद्धा.

सगळे भाग असे नाहीत, हेही सांगतो. विनोदी भाग बहुतेक फसलेले आहेत. चौथ्या वर्षी भाग तासाचे केले, ते रेंगाळतात. बायकांना द्यायच्या भूमिका म्हणजे एकतर घाबरलेली नाहीतर कटकटी. विमानाच्या पंखावर बसलेलं ते प्रसिद्ध भूत पाहून आमच्या आजींनी विचारलं, "हा गालिचा का पांघरून बसलाय?" पण खिडकीच्या आतला तो भेदरलेला प्रवासी मात्र आजही अंगावर काटा आणतो. ज्याला वाचायला कधीच वेळ मिळाला नाही, त्या बँकेतल्या कारकुनाला जग संपल्यावर वाचनालयाच्या पायऱ्यांवर पुस्तकांचे ढीग मिळतात आणि त्याच क्षणी चष्मा फुटतो, तेव्हा आम्हा सातही जणांचे हात आपापल्या चष्म्याकडे गेले.

एका भागाचं तर भाषांतरच होईना. नऊ फुटी पाहुणे पृथ्वीवर येतात, दुष्काळ संपवतात, युद्धं थांबवतात. त्यांच्याजवळच्या ग्रंथाचं नाव इंग्रजीत असं, की त्याचा अर्थ 'मानवाची सेवा' असाही होतो आणि 'माणूस पानात वाढणे' असाही. शेवटी कळतं की ते पाकशास्त्राचं पुस्तक आहे! आम्ही डोकं खाजवत बसलो होतो. आजी म्हणाल्या, "त्यात काय? 'माणूस कसा वाढावा'." क्षणभर आम्हाला माणसाची भरभराट दिसली आणि मग पंगत दिसली.

आणखी एकच भाग सांगतो. छत्तिशीतला एक थकलेला माणूस मोटार दुरुस्तीला टाकून चालत आपल्या जुन्या गावी जातो. गाव तसंच असतं, आई-वडील जिवंत, आणि मेरी-गो-राउंडवर तो स्वतः, लहान मुलगा. शेवटी वडील त्याला ओळखतात आणि परत जायला सांगतात. सर्लिंग वाढले ते बिंगहॅम्टन गावात. तिथल्या बागेत तसंच मेरी-गो-राउंड आहे. त्यांचे वडील १९४५ मध्ये वारले, तेव्हा ते सैन्यात होते. हे कळल्यावर आम्ही तो भाग पुन्हा लावला. आपल्यापैकी किती घरांत पाच-सहा पिढ्यांपूर्वी सुटलेल्या गावाचं नाव अजून पत्रिकेवर छापतात! त्यातले दोघे जाऊन आले आहेत. गावात त्यांना कुणी ओळखलं नाही, हे त्यांनी आम्हाला त्याच शनिवारी पहिल्यांदा सांगितलं.

विसर्जनानंतरच्या शनिवारी साडेसहा वाजता खालच्या खोलीत वृद्धाश्रमातल्या आजोबांचा भाग लावणार आहोत. डबा लाथाडायचा खेळ खेळता खेळता ते पुन्हा लहान होतात. खुर्च्या बारा आहेत. पाच रिकाम्या. त्यातल्या दोन तिसऱ्या मजल्यावरच्या त्या वहिनींनी आणि भाऊंनी मागून घेतल्या आहेत, म्हणजे तीन उरल्या.