अंडी फोडणारी पीएचडी



स्नेहसंमेलनातले नाच अजून बाकी आहेत आणि मागच्या रांगांची चुळबुळ इथून दिसतेय, तेव्हा थोडक्यात बोलते. मघाशी एका मुलीने विचारलं, "मॅडम, पीएचडीत तुम्ही नेमकं करता काय?" खरं उत्तर असं, की अंडी फोडते!

उबवायला ठेवलेलं कोंबडीचं अंडं दोन दिवसांनी उघडा. पिल्लू बाहेर यायला एकूण २१ दिवस लागतात, पण हृदय दुसऱ्या दिवशीच धडधडत असतं. गंमत अशी, की त्या हृदयाच्या पेशीत आणि डोळ्याच्या पेशीत डीएनए एकच. मग दोघींची कामं वेगळी कशी? माणसाच्या एकेका पेशीत सुमारे दोन मीटर डीएनए हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो. जिथे तो घट्ट, तिथली जनुकं सहसा गप्प; सैल, तिथली कामाला लागतात. डीएनएची अक्षरं न बदलता घडणाऱ्या अशा बदलांचा अभ्यास म्हणजे एपिजेनेटिक्स.

हा शब्द १९४२ साली कॉनरॅड वॉडिंग्टन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने दिला. आणि त्यांच्या हाताखाली एडिंबरोत कोण शिकलं? आपल्या लीला मुल्हेरकर. कोंबडीच्या गर्भावरचा त्यांचा शोधनिबंध १९५८ साली प्रसिद्ध झाला. परत येऊन त्यांनी पुणे विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात विद्यार्थ्यांच्या पिढ्या घडवल्या. त्यांचं नाव शाळेच्या पुस्तकात मला कधी दिसलं नाही. ते असायला हवं.

पेशी आपापलं काम कसं ठरवतात, याचा शोध पुण्यात आजही जोरात आहे. आघारकर संस्थेत आणि पाषाणच्या आयसर या विज्ञानसंस्थेत हायड्रावर संशोधन झालं. गोड्या पाण्यातला हा एवढासा जीव. कापला तर तुकड्यातून पुन्हा अख्खा उभा राहतो. त्याच्या एका वाणाच्या नावातच 'पुणे' आहे.

वाट लांब आहे, ते लपवत नाही. बीएस्सी, एमएस्सी, नेट परीक्षा, मग पीएचडीची पाच-सहा वर्षं, आणि त्यातले बरेचसे प्रयोग फसलेले. शिवाय जीवशास्त्र घेतलं म्हणून गणिताला रामराम ठोकू नका. आज जनुकांची माहिती संगणकावरच वाचावी लागते आणि तिथे भलेभले अडतात.

२८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, पुण्यातल्या अनेक प्रयोगशाळा सर्वांसाठी खुल्या असतात. आपल्या लोणावळ्याहून सकाळची लोकल पकडा, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावा आणि तिथल्या ताई-दादांना बेधडक प्रश्न विचारा.