नवऱ्याशी कोण बोलणार?

मैंदर्गीहून बोलतोय. बचत गटाची बैठक चालू असेल तर हप्त्याचा हिशेब जरा बाजूला ठेवा आणि रेडिओचा आवाज वाढवा. घरातली पुरुषमाणसं जवळ बसली असतील तर त्यांनाही ऐकू द्या. पण हे ऐकल्यावर घरात तुमच्यावरच राग निघेल अशी भीती असेल, तर खुशाल रेडिओ बंद करा. हेच बोलणं मासिकात छापून येणार आहे, तेव्हा गटात बसून वाचा.

आम्ही तिघं समुपदेशनाचं काम करतो, दोन बाया आणि एक पुरुष. अक्कलकोट तालुक्यातल्या गावांतून आमच्याकडं नवरा-बायको येतात, कधी एकटी बाई येते, आणि अलीकडं एकटा पुरुषही येतो. आपल्या भागात घरात कन्नड आणि शाळेत, कचेरीत मराठी. बाई दुखणं सांगते कन्नडमधे आणि अर्ज लिहायचा असतो मराठीत. 'होडीतार' म्हणते ती. म्हणजे 'मारतात'. मारतो नाही, मारतात. मराठी बोलणारी बाईसुद्धा 'ते मारतात' असंच सांगते. ज्याच्या हातून मार खाल्ला त्याचा मान बोलताना एक अक्षरानंही कमी होत नाही. आम्ही तिचं बोलणं दुरुस्त करत नाही. पण कानाला ते दर वेळी टोचतं.

समुपदेशन म्हटलं की लोकांना वाटतं समजूत घालणं. समजूत घालणाऱ्यांची आपल्या गावात काय कमी आहे? दोन्हीकडचे पाहुणे बसतात, भावकीतला एखादा वडीलधारा बसतो, चहा होतो. बाईला सांगतात, 'पोरांकडं बघून सोसून घे.' नवऱ्याला सांगतात, 'परत असं करायचं नाही.' तो मान हलवतो. संध्याकाळच्या एसटीनं बाई परत सासरी.

आमचंही सुरुवातीला यापेक्षा फार वेगळं नव्हतं, हे सांगितलं पाहिजे. एक जोडपं आलं होतं. त्यांची ओळख पटेल असं काही सांगत नाही. आम्ही दोघांना समोरासमोर बसवलं आणि बाईला म्हटलं, 'बोल, घाबरू नको.' ती आधी 'काही नाही, रागात एखादी बसते' एवढंच म्हणाली. आम्ही आग्रह केला. मग ती बोलली, सगळं बोलली. नवरा खाली मान घालून ऐकत होता. आम्हाला वाटलं, चांगलं झालं, मनातलं बाहेर आलं. वहीत 'समेट' असं लिहिलंसुद्धा. पंधरा दिवसांनी ती मनगट सुजवून आली. म्हणाली, 'तुम्ही बोल म्हणालात म्हणून बोलले. त्याचं घरी गेल्यावर झालं.'

तो मार आमच्या घाईमुळं बसला होता. त्या दिवसापासून आम्ही बाईला आधी एकटीला भेटतो, नवऱ्याला दुसऱ्या दिवशी एकट्याला. तिनं काय सांगितलं ते त्याच्या कानावर घालत नाही. घरी जाणं तिला धोक्याचं वाटतं का, हे दर भेटीत विचारतो. मार चालू आहे किंवा तिला त्याची भीती वाटते आहे, तोवर दोघांना एका खोलीत बसवत नाही. नवरा कितीही गोड बोलला तरी नाही. तुमच्या गटाकडं असं भांडण आलं तरी एवढं पाळा. चारचौघांत तिला 'बोल' म्हणू नका.

पुढं कायदा नीट वाचला तेव्हा कळलं, यातलं बरंचसं तिथं लिहून ठेवलेलं आहे. कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा २००५ सालचा, २६ ऑक्टोबर २००६ पासून तो लागू झाला. त्या कायद्यात न्यायाधीश नवऱ्याला, बायकोला किंवा दोघांना समुपदेशनाला पाठवू शकतात, एकेकट्यालाही पाठवू शकतात. समुपदेशक कसा असावा तेही नियमांत आहे. तो दोघांपैकी कुणाचा नातेवाईक नसावा, दोघांनी लेखी मान्य केलं तरच चालतो. नवऱ्याकडून 'पुन्हा हिंसा करणार नाही' अशी हमी घ्यायची. समेटाचं बोलणं बाईची इच्छा असेल तरच करायचं. आणि एक नियम आम्हाला फार आवडतो: मारलं ते का मारलं, याचं समर्थन नवऱ्याला समुपदेशनात मांडता येत नाही. भाजी खारट होती, ती उलट बोलली, माहेरी न विचारता गेली, यातलं काहीही नाही. हे नियम न्यायालयानं पाठवलेल्यांसाठी आहेत, पण आपणहून आलेल्यांनाही आम्ही तेच लावतो.

आता पुरुषांबद्दल.

पुरुष आमच्याकडं पहिल्यांदा येतो तो बायकोची तक्रार घेऊन. 'हिला जरा समजावा' हे पहिलं वाक्य ठरलेलं. दुसरं वाक्य, 'रागाच्या भरात हात उठतो हो, तेव्हा काही कळत नाही.' यावर आमच्यातला पुरुष समुपदेशक एक प्रश्न विचारतो. 'मागच्या महिन्यात अडत्यानं तुमच्या उडदाला भाव पाडून दिला, तेव्हा राग आला होता का?' 'आला की, लई आला.' 'मग त्याच्यावर हात उचलला का?' माणूस गप्प होतो. अडत्यासमोर राग आवरता येतो आणि घरात आवरत नाही, म्हणजे कुठं आवरायचा ते त्याला चांगलं कळतं. हे एका बैठकीत पटत नाही. कुणाला तीन बैठकांत पटतं, कुणी चौथ्या बैठकीला येतच नाही.

पुरुषांशी पुरुषांनी बोलायचं, हे काम महाराष्ट्रात नवीन नाही. १९९१ साली मुंबईत सी. वाय. गोपीनाथ नावाच्या पत्रकारानं वर्तमानपत्रात जाहिरात दिली. बायका मार खाण्यासाठी नसतात असं मानणारे पुरुष हवेत, असा तिचा अर्थ. २०५ पुरुषांनी उत्तर दिलं. त्यातून १९९३ साली संस्था उभी राहिली, मेन अगेन्स्ट व्हायलन्स अँड अब्यूज. हरीश सदानी तेव्हापासून ते काम करतात. 'पुरुषस्पंदनं' नावाचा त्यांचा अंकही निघतो. संस्थेचं थोडक्यात नाव आहे 'मावा'. आपल्याकडं मावा म्हटलं की पानटपरी आठवते, त्यामुळं पुरुषांच्या बैठकीत हे नाव सांगितलं की आधी हशा पिकतो. पिकू दे. हसलेला माणूस थोडा मोकळा बसतो.

राग आवरायची एक साधी रीत आम्ही शिकवतो. राग एकदम येत नाही, अंगात आधी खुणा दिसतात. कान तापतात, दात आवळले जातात, आवाज चढतो. खूण ओळखली की बायकोला एवढंच सांगायचं, 'मी बाहेर जाऊन येतो, तासाभरात परत येतो.' चालत जायचं, मोटारसायकल काढायची नाही, दारूच्या दुकानाकडं जायचं नाही, आणि तासाभरात खरंच परत यायचं. हे सगळं आधी, डोकं शांत असताना, घरात बोलून ठेवायचं. एका गड्यानं ही रीत इतकी मनावर घेतली की बायकोनं किराणाच्या उधारीचा विषय काढला की हा चप्पल घालून बाहेर! बायको म्हणाली, 'मारत नाही हे खरं, पण दुकानदाराला तोंड मीच देते.' मग त्याला सांगावं लागलं, परत येऊन तोच विषय पुरा करायचा, नाहीतर ती पळवाट झाली.

दारूचं विचाराल तर तेही सांगतो. पुण्यात १९८६ साली सुनंदा आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. तिथं व्यसनी माणसांच्या बायकांसाठी 'सहचरी' नावाचा गट आहे, कारण पिणारा एक असला तरी आजार घरभर होतो. नवरा उपचाराला तयार असेल तर जरूर पाठवा. पण दारू सुटली म्हणजे मारणं सुटलं, असं धरून चालू नका. पिऊन मारणारा शुद्धीत मारताना आम्ही पाहिलाय. त्या दोन गोष्टींवर वेगवेगळं काम करावं लागतं.

काही बाया आम्हाला विचारतात, मारणाऱ्याचं दुःख कशाला ऐकत बसता? प्रश्न रास्त आहे. त्याचं दुःख ऐकलं म्हणून त्याचा गुन्हा माफ होत नाही, आणि तसं त्याला तोंडावर सांगतो. पण न मारणारे पुरुषही बोलत नाहीत, हे विसरून चालणार नाही. २०२१ साली देशात १,६४,०३३ आत्महत्यांची नोंद झाली, त्यात चारांतले जवळजवळ तीन पुरुष होते. कारणांमधे सगळ्यात वर होती घरगुती भांडणं, अडचणी. तूर गेली, कर्ज चढलं, सोलापूरच्या कारखान्यातलं काम सुटलं, तरी गडी कट्ट्यावर पावसापाण्याचंच बोलतो. लग्नाला पाच वर्षं झाली आणि मूल नाही, तर बायकोला तीन दवाखाने आणि चार देव होतात, याची तपासणी एकदाही होत नाही. त्याची तपासणी तर जास्त सोपी. आम्ही दोघांच्या तपासणीचं बोललो की तो उठून जातो. तो अपमान नसतो, घाबरलेला असतो. एसटी स्टँडच्या भिंतीवरच्या 'कमजोरी'च्या जाहिराती वाचून त्यानं गुपचूप पैसे घालवलेले असतात, आणि हे बायकोलाही माहीत नसतं. अशा जोडप्यांना, जिथं मार नाही, धाक नाही, आम्ही आनंदानं एकत्र बसवतो. तिथं समोरासमोर बोलण्याचा उपयोग होतो.

दोन-तीन नंबर लिहून घ्या, पेन्सिल आणा. बाईला तातडीनं मदत हवी असेल तर ११२, महिलांसाठी १८१. मनावर ओझं असेल, जिवाचं बरंवाईट करावंसं वाटत असेल, तर टेलिमानस, १४४१६. रात्री-बेरात्री लागतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं, आणि तो पुरुषांसाठीही आहे. आणि मार चालू असेल तर संरक्षण अधिकाऱ्याकडं अर्ज करता येतो. आमच्याकडं आलात म्हणून ते दार बंद होत नाही. दोन्ही एकाच वेळी चालतं.

गेल्या तुरीच्या राशीच्या वेळी एक जण आला. दुधनीला माल घालून परत जात होता, अंगावर भुसा तसाच. पूर्वी बायकोबरोबर एकदा आला होता आणि 'हिला समजावा' म्हणून उठून गेला होता. या वेळी एकटा. बायको माहेरी गेलेली. आम्हाला वाटलं, तिला परत आणायची गळ घालायला आलाय. तो म्हणाला, 'त्यासाठी नाही आलो. पोरगी माझ्याजवळ येत नाही. माझ्या गाडीचा आवाज आला की आत पळायची. ते डोक्यातून जात नाही.' आमच्यातला पुरुष त्याच्याबरोबर दीड तास बसला.

बायको अजून माहेरीच आहे. तिला आम्ही तिकडं जाऊन वेगळं भेटतो. तिनं काही ठरवलेलं नाही आणि आम्ही तिला घाई करत नाही. तो दर पंधरा दिवसांनी येतो.