धूसर खडकवासला घरात कुठे लावायचा?

आजचा भाग एका व्हॉइस नोटमुळे होतोय. आपल्या एका श्रोत्यानं विचारलंय, "फोटोवरून धूसर निसर्गचित्र काढलं, घरात लावलं, तर आई म्हणाली, फोटो हलला होता का रे? तिला काय सांगू?" प्रश्न मस्त आहे. मी स्वतः फोटोवरून अशीच चित्रं काढते, आणि आमच्याही घरी यावरून बरंच काही घडलंय. ते सांगते. पण आधी थोडं मागे जाऊ.

आपल्या मराठी घरांत भिंतीवर लावायच्या चित्राला एक शब्द आहे, सीनरी. "हॉलमध्ये एखादी छान सीनरी लावा." सीनरी म्हणजे डोंगर, धबधबा, झोपडी, दोन नारळाची झाडं, आणि सगळं कसं लख्ख. डॉक्टरांच्या वेटिंग रूममध्ये अख्खी भिंत भरून परदेशातलं पिवळ्या पानांचं जंगल असायचं, आठवतंय? तुम्ही नसेल पाहिलं तर आईबाबांना विचारा. पुण्यात तर भिंतीवरच्या छापील चित्राचा इतिहास जुना आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांच्या मित्रांनी १८७८ मध्ये इथे चित्रशाळा प्रेस काढला, आणि देवादिकांची, इतिहासातल्या माणसांची रंगीत चित्रं घरोघरी गेली. पुढे राजा रविवर्मांचा छापखानाही मुंबईहून लोणावळ्याजवळ मळवलीला आला. भिंतीवरच्या चित्रात काय आहे हे लांबूनच कळलं पाहिजे, ही सवय आपल्याला अशी पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. देव ओळखू आला नाही तर हात कोणाला जोडायचे? त्यामुळे आईंचा प्रश्न अडाणीपणाचा नाही, हे पहिलं ध्यानात घ्या.

आता धूसर चित्राकडे. यातलं मोठं नाव म्हणजे गेरहार्ड रिख्टर. जर्मन चित्रकार, जन्म १९३२, ड्रेस्डेनचे. १९६१ मध्ये ते पूर्व जर्मनी सोडून पश्चिमेला आले, आणि पुढच्याच वर्षापासून फोटोंवरून चित्रं करायला लागले. वर्तमानपत्रातले फोटो, घरच्या अल्बममधले फोटो, काहीही. १९६८ मध्ये ते कुटुंबासोबत कॉर्सिका बेटावर गेले, आणि तिथल्या फोटोंवरून त्यांनी निसर्गचित्रं केली. म्हणजे आपण महाबळेश्वरला जाऊन आल्यावर जे फोटो फोनमध्ये पडून राहतात, तसेच हे. फरक एवढाच, की त्यांनी ते फोटो, कात्रणं, कच्ची रेखाटनं तक्त्यांवर चिकटवून नीट लावून ठेवली. 'अ‍ॅटलस' नावाचा तो सगळा संग्रह म्युनिकच्या लेनबाखहाउस संग्रहालयात आहे. आपल्या गॅलरीत "स्टोरेज फुल" येतं, बस्स.

त्यांची पद्धत ऐका, कारण गंमत तिथेच आहे. फोटो प्रोजेक्टरनं कॅनव्हासवर पाडायचा, आणि तेलरंगात तो जवळजवळ जसाच्या तसा रंगवायचा. आणि मग, रंग ओला असतानाच, त्यावरून मऊ कोरडा ब्रश फिरवायचा. सगळ्या कडा एकमेकींत ओढल्या जातात. म्हणजे चित्र आधी नीट काढायचं आणि मग स्वतःच्या हातानं बिघडवायचं! इथे जलरंगवाले हात वर करतील. पुण्यात ज्यांनी जलरंग हातात घेतलेत त्यांना मिलिंद मुळीक यांची पुस्तकं ठाऊक असतात. ओल्या कागदावर ओला रंग सोडला की कडा आपोआप विरघळतात, धुकं तयार होतं. बरोबर आहे, पण तिथे धूसरपणा पाणी करतं आणि चित्र घडत असताना करतं. तेलरंगात तो तुम्ही करता, तोही सगळं करून झाल्यावर. आठ दिवसांच्या मेहनतीवर ब्रश फिरवताना पोटात गोळा येतो, खरंच सांगते.

आणि हा फोनमधला पोर्ट्रेट मोड नव्हे. त्यात काय होतं? चेहरा तेवढा स्पष्ट, मागचं सगळं सॉफ्टवेअर पुसट करून टाकतं. त्यामुळे पुसट म्हणजे बिनमहत्त्वाचं, असं आपल्या डोक्यात बसलंय. रिख्टर सगळंच सारखं पुसतात. डोंगर, पाणी, आकाश, कुठेच बोट ठेवून "हे बघ" म्हणत नाहीत. सगळं सारखंच महत्त्वाचं, सारखंच बिनमहत्त्वाचं, अशी त्यांची भूमिका. मग बघणाऱ्यालाच ठरवावं लागतं.

हे मला पुस्तकात वाचून कळलं होतं. नीट समजलं ते आजीमुळे.

मी चित्र केलं होतं खडकवासल्याचं. पावसाळ्यातला फोटो, चौपाटीवरून काढलेला. भजीवाल्यांच्या गाड्या कापून टाकल्या, उरलं फक्त पाणी, पलीकडचे एनडीएच्या बाजूचे डोंगर आणि खाली आलेलं आकाश. करड्या रंगाच्या चारपाच छटा, थोडा मातकट हिरवा. तीन फूट बाय दोन फूट. घरी आणलं, बाबांना फार आवडलं, म्हणाले हॉलमध्येच लावू, काय शांत वाटतंय. आजी बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "अगं, हे पाणी चढतंय की उतरतंय?"

आता ही आजी १९६१ मध्ये नारायण पेठेत राहत होती. १२ जुलै १९६१. पानशेतचं धरण फुटलं, त्याचा लोंढा खाली येऊन खडकवासलाही फुटलं, आणि मुठेचं पाणी पेठांमध्ये घुसलं. तिचं लग्न व्हायचं होतं तेव्हा. या दिवसाबद्दल ती फारसं बोलत नाही. एवढंच सांगते की पाणी आलं ते वेगात नाही आलं, वाढत आलं, जिन्याची एकेक पायरी बुडत गेली. आणि नंतर सगळीकडे चिखल, आणि एवढ्या पाण्यानंतर प्यायला पाणी नाही. दर जुलैमध्ये पेपरात पुराचे ते काळेपांढरे फोटो येतात, तेही ती उलटून ठेवते.

मी स्पष्ट, चकचकीत खडकवासला काढला असता, निळं पाणी, हिरवे डोंगर, तर तिला तो पूर दिसला नसता. ती सीनरी झाली असती. पाण्याची कड पुसली गेली म्हणून तो प्रश्न आला. कड असली की पाणी कुठपर्यंत आहे ते कळतं. कड गेली की ते चढतंय की उतरतंय, हे चित्र सांगत नाही. बाबांना त्याच चित्रात शांतता दिसत होती, बरं का. तोच कॅनव्हास, तीच भिंत.

रिख्टर यांनीही स्वतःच्या निसर्गचित्रांबद्दल लिहून ठेवलंय की ती सुंदर आहेत, पण खोटी आहेत, कारण निसर्गाला आपल्याबद्दल काही दयामाया नसते, ती आपण त्याच्यावर लादतो. पुण्यात राहणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. जुलै २०२४ मध्ये खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि सिंहगड रोडला एकतानगरीत लोकांच्या घरांत शिरलं. आदल्या आठवड्यात त्याच धरणावर रील बनवणारे आपणच होतो.

तर चित्र लावायचं कुठे? आजी म्हणाली, "लाव गं, चांगलं झालंय. पण माझ्या पलंगासमोर नको." आमच्या टूबीएचकेमध्ये आजीचा पलंग हॉलच्या दाराच्या सरळ रेषेत येतो. म्हणजे हॉलची मोठी भिंत बाद. बाबा थोडे हिरमुसले. शेवटी पॅसेजमध्ये लावलं, बेसिनच्या आधी. पुस्तकी नियमानं ही सगळ्यात वाईट जागा. धूसर चित्राला लांबून बघायला जागा लागते, दहाबारा फुटांवरून ते फोटोसारखं जुळून येतं, आणि तीन फुटांवरून नुसते ब्रशचे ओरखडे दिसतात. पण डायनिंग टेबलच्या टोकाच्या खुर्चीवरून तिरकं बघितलं तर दिसतं. बाबा हल्ली त्याच खुर्चीवर बसतात.

तुमच्या घरी असली अडचण नसेल, तर काही गोष्टी सांगून ठेवते. फोटो निवडताना फोनच्या गॅलरीत तो अगदी नखाएवढा लहान करून बघा. तेवढ्यातही गडद आणि उजळ भाग वेगळे कळले तर तो फोटो पुसटपणा सोसेल. नुसत्या बारीक पानाफुलांचा फोटो सोसत नाही, त्याचा लगदा होतो. ब्रश प्रत्येक फटकाऱ्यानंतर कापडाला पुसा, नाहीतर सगळे रंग मिळून चिखल. आडवा फिरवला तर धावत्या लोकलच्या खिडकीतून बघितल्यासारखं दिसतं, उभा फिरवला तर पाऊस. अ‍ॅक्रिलिक वापरणार असाल तर आपल्या एप्रिल-मेमध्ये ते ब्रश उचलेपर्यंत वाळतं. वाळायला उशीर करणारं रिटार्डर मिसळा, किंवा सरळ तेलरंग घ्या आणि घरच्यांना वासाची कल्पना द्या.

लावताना, सोफ्यावर बसून बघायचं चित्र उभ्या माणसाच्या नजरेपेक्षा थोडं खाली लागतं. आपल्याकडे सगळं छताजवळ टांगायची सवय आहे, कदाचित देवांच्या तसबिरींमुळे. तेलरंगाच्या चित्राला काच नको. करड्या चित्रावर काच लावली की त्यात ट्यूबलाइट आणि तुमचा स्वतःचा चेहराच दिसतो. बाहेरच्या बाजूची भिंत पावसाळ्यात ओल धरते, तिथे लावायचंच असेल तर फ्रेमच्या मागे चार कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवा, हवा खेळती राहील, बुरशी येणार नाही. भाड्याच्या घरात मालक खिळा ठोकू देत नसतील, तर बुटक्या कपाटावर टेकवून ठेवा. छान दिसतं, आणि कंटाळा आला की हलवता येतं.

आणि एक, चित्राच्या मागच्या बाजूला पेन्सिलनं जागा आणि महिना लिहून ठेवा, पुढून काही कळणार नाहीये. मी "खडकवासला, जुलै" एवढंच लिहिलंय. आजीनं मागे बघितलं, वाचलं, आणि परत भिंतीला लावायला माझ्या हातात दिलं.

तुमची चित्रं पाठवा, घरच्यांच्या प्रतिक्रियांसकट. भेटू पुढच्या भागात.