ताकदीची बाटली

हे भाषण कधी संपतंय म्हणून मघापासून पडद्याआडून डोकावणारे लेझीमवाले, तुम्हाला फार ताटकळवत नाही.

जुन्नर-आंबेगावात माझ्या दवाखान्यात सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य म्हणजे, "डॉक्टर, अंगात जीवच नाही. एक ताकदीची बाटली चढवा." अर्ध्या लिटरच्या ग्लुकोजच्या सलाइनमध्ये साखर असते 25 ग्रॅम, म्हणजे पाच-सहा चमचे. बाकी पाणी. एवढी ताकद रसवंतीवर स्वस्तात मिळते.

मध्यंतरी एक वडील नववीतल्या मुलाला घेऊन आले. "वर्गात झोपतोय. आळशी झालाय." ते बोलत होते तोवर पोराची मान त्यांच्याच खांद्यावर कलंडली. पायाच्या बेचक्यांत चिखल वाळलेला. त्या आठवड्यात शेतीची लाइट रात्रीची होती. कांद्याला दारं धरायची, आणि बिबट्याच्या भीतीनं एकट्यानं जायची सोय नाही, म्हणून पोरगं बॅटरी धरायला. याच्या वयाला आठ ते दहा तास झोप लागते, मिळत होती चार तास. दिवसा लाइट द्या, ही आपल्या भागाची जुनी मागणी. ती काही मला चिठ्ठीवर लिहून देता येईना. मी लिहिलं, "रात्रपाळीनंतर दुपारी झोप, दोघांनाही." वडिलांनी स्वतःपुरतं ते मनावर घेतलं नाही, हे सांगायला नको.

आयांचं दुखणं निराळं. खुरपताना धाप लागते, आई म्हणते वय झालं. वय असतं अडतीस! 2019-21च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून जास्त, 54 टक्के बायकांना रक्तक्षय निघाला. हिमोग्लोबिन 12च्या खाली गेलं की रक्त कमी समजा. तपासणी साधी आहे, सरकारी दवाखान्यातही होते. आणि जेवणावर लगेच चहा नको, अन्नातलं लोह त्यानं नीट अंगी लागत नाही. रक्त चांगलं असूनही थकवा हटत नसेल, तर थायरॉइड आणि साखर बघायची.

शाळेत आठवड्याला मिळणारी निळी गोळी लोहाचीच. ती खिडकीबाहेर भिरकावणारे इथंच बसलेत, हात वर करायला लावत नाही. मळमळतं? मग जेवून घ्या. शी काळी होते, त्याला भिऊ नका.

लेझीमवाले, या आता. पालकांनो, कार्यक्रम संपायला अकरा वाजतील. ज्यांची आज रात्री दारं धरायची पाळी आहे, त्यांनी बॅटरी धरायला शेजाऱ्याला न्या. पोरांना उद्या सुट्टी आहे, उठवू नका.